खिशात राहिलेला फ्यूज

"अहो, हा कसला दागिना राहिला खिशात?"

बायको मोरीच्या दारात उभी होती. तिच्या एका हातात सकाळचा तेलकट शर्ट होता आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर बोटाच्या दोन पेरांएवढी एक वस्तू. दोन्ही टोकांना धातूचे कान, कानांना भोकं, मधे निळं प्लॅस्टिक आणि त्या प्लॅस्टिकमध्ये इवलीशी खिडकी.

फ्यूजकाका जेवत होते. घास हातातच राहिला. त्यांनी डाव्या हाताने ती वस्तू घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला. साठ.

"कुठे सापडला?"

"सापडायचा कुठे? खिशातच होता. मी चाचपलं नसतं तर शर्टाबरोबर धुऊन निघाला असता."

काका ताटावरून उठले. बायको म्हणाली, "अहो, दोन घास तरी पोटात जाऊ द्या."

"आलोच."

"तुमचं 'आलोच' मला चांगलं ठाऊक आहे. सगळं गार होणार."

पण काकांनी खुंटीवरचा दुसरा शर्ट अंगात चढवला होता आणि एक बटण चुकवून ते रस्त्याला लागलेही होते.

लोक त्यांना फ्यूजकाका म्हणत, त्याला कारण होतं. गाड्यांमध्ये स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायचं त्यांचं दुकान होतं, आणि दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नुसता पत्ता विचारायला आलेला का असेना, ते फ्यूजचं माहात्म्य ऐकवत. न्हाव्यापुढे मान खाली घालून बसले असतानाही ऐकवत. "फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवायला नसतो हो, वायर वाचवायला असतो. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत बसवायचा. पुढे वायर कुठे सोलली, गाडीच्या पत्र्याला चिकटली, की हा आधी जळतो आणि बाकीचे वाचतात. घरात असं एखादं माणूस असावं लागतं." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा हात आपोआप स्वतःच्या छातीकडे जाई.

त्या छातीवरच्या खिशाचाही एक नियम होता. काम सुरू करण्याआधी त्या गाडीला लागणारा बारीकसारीक माल ते मोजून खिशात टाकत. एक फ्यूज, पत्र्याच्या भोकाला लावायचा एक रबरी ग्रोमेट, वायरीच्या टोकांना लावायचे लग. काम संपलं की खिसा रिकामा व्हायला हवा. खिशात काही उरलं, तर काम संपलेलं नाही. चौतीस वर्षं हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. निदान काकांच्या माहितीत तरी.

आज सकाळी एकच गाडी झाली होती. एका शिक्षिकाबाईंची. बाई आपल्या ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांना, अप्पांना, कायमचं आपल्या घरी घेऊन चालल्या होत्या, दोन दिवसांचा प्रवास होता. अप्पांना ऐकू कमी येई. घरी ते रेडिओ कानाला लावून बसत, पण गाडीत इंजिनच्या घरघरीत त्यांना काहीच ऐकू येत नसे आणि मग ते खिडकीबाहेर बघत गप्प बसून राहत. "त्यांचं ते गप्प बसणं मला बघवत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "घर सुटतंय, त्यात आणि हे. काहीतरी करा."

"किती मोठा आवाज हवा, अप्पा?" काकांनी अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं होतं.

"गल्लीला नको," स्टुलावर काठी टेकून बसलेले अप्पा म्हणाले होते. "मला पुरेल एवढा."

काकांनी जीव ओतून काम केलं. मागच्या सीटशी, अप्पांच्या कानाच्या उंचीवर दोन छोटे ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे स्पीकर, बसवले. अ‍ॅम्प्लिफायर डिकीत. बॅटरीपासून निघालेली करंगळीएवढी जाड लाल वायर पत्र्यातून आत, मग गालिच्याखालून, अप्पांच्या सीटखालून मागे. आवाजाच्या बारीक वायरी दुसऱ्या बाजूने, म्हणजे घरघर नको. सगळं झालं आणि बटण दाबलं, तर अ‍ॅम्प्लिफायरचा दिवाच लागेना. काकांनी फ्यूज काढून खिशात टाकला, त्याच्या जागी पितळी पट्टी लावून पाहिली, तरी दिवा लागेना. तेवढ्यात दुकानात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सूनबाईने डिकीतून हाक मारली, "बाबा, अर्थिंगच्या नटाखालचा रंग खरवडला का?" नव्हता खरवडला. खरवडला, दिवा लागला, अप्पांच्या कानाशी रेडिओवर कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगायला लागलं आणि अप्पा काठी आपटत ओरडले, "लागलं! लागलं!" बाईंनी तोंडाला पदर लावला. काकांनी फ्यूजच्या डबीवर झाकण लावलं आणि ते हात धुवायला मागच्या नळावर गेले.

फ्यूज खिशात होता. मग डबीत काय होतं?

दुकान पाच मिनिटांच्या अंतरावर होतं, काकांनी ते दोन मिनिटांत गाठलं. आत शिरताच त्यांनी डावीकडच्या भिंतीकडे पाहिलं. मीटर टांगायच्या हुकाखाली एक खिळा होता. त्या खिळ्यावर ती पितळी पट्टी असायची.

खिळा रिकामा होता.

ती पट्टी काकांनी स्वतः कापून, घासून, फ्यूजच्या मापाची बनवली होती. यंत्र चालू होत नसलं की दोष फ्यूजमध्ये आहे की आणखी कुठे, हे बघायला फ्यूजच्या जागी मिनिटभर ती लावायची. त्यासाठी मीटर असतो. दुकानात दोन होते. पण हाताला लागलेली सवय, आणि मिनिटभराचंच तर काम. विसरायला नको म्हणून पट्टीला लाल फीत बांधलेली असे, झाकणाबाहेर ती जिभेसारखी लोंबायची. तीन महिन्यांपूर्वी ती फीत झिजून तुटली. "उद्या बांधतो," असं काका तीन महिने म्हणत होते.

"बाबा, ही पट्टी भंगारात टाका," सूनबाई म्हणाली होती.

"तुझ्या जन्माआधीपासून आहे ती."

"म्हणूनच म्हणते."

काकांना तिचं हे बोलणं लागलं होतं. आता तो रिकामा खिळा बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पितळेची पट्टी जळत नाही. वायर सीटच्या पायाखाली दबली, सोलली, पत्र्याला लागली, तर बॅटरीतलं सगळं बळ त्या वायरीत उतरणार. गालिच्याखाली ती निखाऱ्यासारखी लाल होणार. आणि अप्पांना पाय पसरता यावेत म्हणून त्यांच्या पुढची सीट निघताना तीनदा पुढेमागे सरकवली होती, हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! चौतीस वर्षं ज्याने गावाचे कान किटवले, त्यानेच एका म्हाताऱ्याच्या बुडाखाली विस्तव ठेवून दिला होता.

दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. डॅशबोर्डखाली सूनबाई उताणी पडून काम करत होती. काकांचा मुलगा हॉस्पिटलात नर्स होता, वायर हातात घेतली की त्याला सलाइन आठवे, म्हणून तो दुकानाच्या वाटेला कधी गेला नाही. सूनबाई मात्र लग्नानंतर डबा द्यायला म्हणून आली आणि तिथेच रमली. डावखुरी होती, त्यामुळे सुरुवातीला तिचं पान्हा धरणंच काकांना बघवत नसे. आता सहा वर्षं झाली होती.

"बाबा? जेवण झालं इतक्यात?" आतून आवाज आला.

"हो हो, झालं." काकांनी टेबलावरची कामाची वही उघडली. सूनबाई प्रत्येक गाडीची नोंद ठेवायची, गाडी कुठली, वायर किती जाड, मालकाचा नंबर. त्यांनी बाईंचा नंबर लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. गाडी चालवताना मी फोन घेत नाही, असं बाई सकाळीच म्हणाल्या होत्या आणि काकांनी त्यांना त्याबद्दल शाबासकी दिली होती.

सूनबाईला सांगायचं? काकांच्या ओठांवर आलं होतं. अर्थिंगच्या रंगाची आठवण तिने करून दिली ती सकाळीच. आता हेही सांगायचं, म्हणजे उद्यापासून पान्हा खाली ठेवून नातवंडांना गोष्टी सांगत बसायचं, आणि नातवंडं तर अजून झालीही नव्हती. छे. जाऊन, डबी उघडून, फ्यूज बसवून यायचं. कुणाला कळायला नको.

दुपारी बहिणीकडे जेवायला थांबणार आणि चार वाजता घाटाला लागणार, असं बाई म्हणाल्याचं त्यांना आठवलं. नदीपलीकडचं गाव, पाण्याच्या टाकीसमोरचं घर. दोन तासांचा रस्ता. पावणेदोन झाले होते.

"मी जरा बॅटरीचं पाणी घेऊन येतो," ते मोठ्याने म्हणाले.

डॅशबोर्डखालचे पाय हलले नाहीत. "बाबा, बॅटरीचं पाणी आहे. कॅन भरलेला आहे खाली."

"ते जुनं झालं."

"पाणी जुनं होतं?"

"तू काम कर बघू तुझं."

दाराजवळ आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला होता. काकांनी तो काढून काखेत मारला आणि बाहेर पडले. मागे टेबलावर त्यांचा मोबाइल राहिला, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

निम्म्या गावाच्या गाड्यांना ज्याने आवाज दिला, त्याच्या स्वतःच्या गाडीत साधा रेडिओही नव्हता. एरवी काकांना ती शांतता आवडे. आज नको झाली. फ्यूज खिशात होता आणि दर खड्ड्याला तो छातीवर आपटे. आपण थकलोय का, हा विचार त्यांनी गेली दोन वर्षं दारातच उभा करून ठेवला होता, आज तो सरळ आत येऊन शेजारच्या सीटवर बसला. मागच्या महिन्यात स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या होत्या. त्याच्या आधी एक नट पिळून मोडला. प्रत्येक वेळी त्यांना कारण सापडलं होतं. उजेड कमी होता. माल हलका होता. अप्पांच्या बाबतीत कुठलं कारण सांगायचं?

तासाभराने एका वळणापलीकडे धूर दिसला. काळा, जाड, सरळ वर जाणारा.

काकांनी वेग वाढवला. पुढचा अर्धा मैल त्यांनी कसा कापला ते त्यांनाच ठाऊक. वळण घेतलं, करकचून ब्रेक दाबला, सिलिंडर उचलला आणि पिन उपटून ते धुराच्या दिशेने धावत सुटले. रस्त्याच्या कडेला चार माणसं एका पिंपाभोवती उभी होती. डांबर वितळवत होती.

त्यातल्या मुकादमाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काका, हे विझवलंत तर रस्ता कोण करणार?"

काकांनी सिलिंडर खाली टेकवला. धाप लागली होती. मुकादमाने त्यांना पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "बसा जरा. कुणाची गाडी शोधताय का?"

"पांढरी. मागे म्हातारे गृहस्थ आहेत."

"गेली की दुपारच्या सुट्टीआधी. थांबा म्हटलं तर थांबली, जा म्हटलं तर गेली. म्हातारबुवा हात हलवत होते आम्हाला. आणि काय तो आवाज, गाडीत रेडिओवर माणूस बोलत होता तर आम्हाला इथे ऐकू येत होता."

काकांनी बाटली तशीच परत दिली. म्हणजे इथपर्यंत सुखरूप. त्यांनी पिन पुन्हा बसवली आणि ते निघाले.

पाण्याच्या टाकीसमोर पोचले तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. अंगणात पांढरी गाडी उभी होती. डिकी बंद, सामान बांधलेलं, मागच्या सीटवर अप्पा बसलेले, आणि बाई बॉनेटला टेकून रस्त्याकडे बघत होत्या. अख्खी, न जळलेली गाडी बघून काका आपल्या गाडीचं दार धरून उभे राहिले.

"या, या," बाई म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत थांबलोय."

"माझी?"

"सूनबाईंचा फोन आला ना तुमच्या. म्हणाल्या, बाबा तिकडे निघालेत, ते येऊन बघेपर्यंत गाडी हलवू नका. काही विशेष?"

सूनबाईला कसं कळलं? पण आता विचार करायला वेळ नव्हता. "काही नाही, काही नाही. एक स्क्रू बघायचाय," ते म्हणाले आणि बॉनेट उघडून आत वाकले. पान्हा त्यांनी आपल्या गाडीतून आणला होताच. त्यांनी बॅटरीची काळी वायर सोडवली, डबीच्या दोन्ही खाचा दाबल्या आणि झाकण उचललं.

आत निळा फ्यूज होता.

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. साठ. दोन्ही नट घट्ट. त्यांनी खिशातला फ्यूज काढून शेजारी धरला. दोघे सख्खे भाऊ, एकाच पाकिटातले. मग त्यांची नजर डबीखालच्या वायर बांधायच्या केबल टायवर गेली. काका टाय ओढत तेव्हा त्याची गाठ उजवीकडे येई. ही डावीकडे होती. शेपूट अगदी मुळाशी कापलेलं, बोट फिरवलं तरी ओरखडा उठणार नाही असं. वायर पत्र्यातून आत शिरत होती तिथला ग्रोमेटही कुणीतरी आणखी थोडा आत दाबून चपखल बसवला होता.

"हे कुणी... निघताना हे कुणी उघडलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"सूनबाईंनी," बाई म्हणाल्या. "तुम्ही हात धुवायला गेला होतात ना, तेव्हा. मी विचारलं, आता आणखी काय राहिलं? तर म्हणाल्या, बाबांचा दंडक आहे, त्यांनी काम संपवलं की शेवटची नजर मी टाकायची. दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय बॉनेट बंद करायचं नाही, असं त्यांनीच शिकवलंय. मला फार आवडलं ते. आम्ही शाळेत पेपर तपासतो, त्यातही अशी पद्धत नाही."

काकांनी असा दंडक कधीही घातला नव्हता. ते हळूच गाडीच्या पुढच्या चाकाशी जमिनीवर बसले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा, दाणकन. अप्पा जळले नाहीत. जळणारच नव्हते. सकाळी साडेअकरापासून त्यांच्याखाली विस्तव नव्हताच. काकांना हसू येऊ लागलं, मग डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि नेमकं काय पुसतोय हे न कळून त्यांनी तेलकट हातानेच तोंड पुसलं.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"अहो, फार बरं वाटतंय," काका म्हणाले. "इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. चहा मिळेल का? दुपारी जेवण अर्धं टाकून आलोय."

चहा आला, बरोबर बाईंच्या बहिणीने ताटही आणलं. खाता खाता बाईंचा फोन वाजला आणि त्यांनी तो काकांपुढे धरला.

"बाबा," पलीकडून सूनबाई म्हणाली, "मिळालं का बॅटरीचं पाणी?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"पाणी आणायला आग विझवायचा सिलिंडर नेलात. मोबाइल टेबलावर. त्यात बाईंना तीन फोन. आईंना विचारलं तर म्हणाल्या, खिशातून कसलासा फ्यूज निघाला आणि ताटावरून उठून गेले. मग कळलं मला. अहो, मला विचारायचं तरी! मी सांगितलं असतं ना, की..." ती थांबली.

"की काय?"

"सावकाश या. गाडी हळू चालवा."

निघायच्या आधी अप्पांनी काठीने काच ठोकून काकांना आत बोलावलं. काका शेजारी बसले. कुणीतरी बागेतल्या झाडांना पाणी कधी घालावं ते सांगत होतं. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "चार वर्षांत मला 'स' ऐकू आला नव्हता. माणसं बोलायची, त्यात 'स' नसायचाच. आज परत आला. सकाळ म्हणतोय बघा तो. सकाळ, संध्याकाळ." त्यांनी काकांचा गुडघा थोपटला. "हात चांगला आहे हो तुमचा."

"दोघांचा आहे," काका म्हणाले. अप्पांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, त्यांनी मान मात्र हलवली.

परतीच्या रस्त्यावर मुकादमाने ओळखून हात केला. दुकानात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सूनबाई पायरीवर बसून वायरीची टोकं सोलत होती. काकांनी सिलिंडर जागेवर टांगला, खिशातला फ्यूज काढून डब्यात टाकला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"केव्हापासून बघतेस माझ्या मागून?"

तिने सोलणी खाली ठेवली. "दीड वर्ष झालं असेल."

"मी हात धुवायला गेलो की?"

"तुम्हाला साबण लावायला तीन मिनिटं लागतात. तेवढी पुरतात."

"किती चुका सापडल्या?"

"सांगू नये."

"सांग."

"आजची धरून चार."

काकांनी चारही बोटं आपल्या मांडीवर एकेक करून टेकवली. चार गाड्या. चार घरं. त्यांनी मान खाली घातली.

"बाबा, मी आले त्या पहिल्या वर्षी तुम्ही माझ्या किती काढल्या होत्या, माहितीये? एकशे अकरा. वहीत लिहून ठेवल्यात मी. एकदा तर बॅटरी न सोडवता पान्हा लावला होता, तुम्ही माझा हात धरून मागे ओढलंत. दोन दिवस मनगट दुखत होतं."

"मग तोंडावर सांगायचं होतंस ना."

"तुम्ही ऐकलं असतं?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं ऐकलं," ते म्हणाले. "दुकान डोक्यावर घेतलं असतं." मग त्यांनी विचारलं, "पट्टी कुठाय?"

तिने एप्रनच्या खिशातून पितळी पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. काका उठले, पट्टी शिकंज्यात धरली, हातोडीच्या तीन ठोक्यांत दुमडली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. मग पकड घेऊन भिंतीतला खिळाही उपटला. त्यांना वाटलं होतं, वाईट वाटेल. तितकंसं वाटलं नाही. भूक मात्र पुन्हा लागली होती.

"उद्यापासून माझ्यासमोर तपासत जा," ते म्हणाले.

सूनबाईने मान हलवली. "नको. मला नाही जमायचं ते. तुम्ही आपले हात धुवायला जात जा."

दुसऱ्या दिवशी पाववाल्याची व्हॅन आली. काकांनी बॅटरीची काळी वायर आधी सोडवली, लाल वायर ओढली, ग्रोमेट लावला, अर्थिंगखालचा रंग पार चकचकीत होईपर्यंत खरवडला. मधेच पाववाल्याला फ्यूजचं माहात्म्यही ऐकवलं, शेवटच्या वाक्याला हात छातीकडे गेला नाही एवढंच. सगळ्यात शेवटी फ्यूज बसवला, झाकण लावलं, खिसा चाचपला. रिकामा होता.

"सूनबाई, मी हात धुऊन येतो," ते नेहमीसारखं म्हणाले.

"हो बाबा," ती नेहमीसारखं म्हणाली.

मागच्या नळावर त्यांनी साबण लावला, नखं घासली, मनगटापर्यंत फेस केला, धुतला. पुढून झाकण उघडल्याचा टक् असा आवाज आला. काकांनी नळाची धार बारीक केली आणि पुन्हा साबण उचलला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. बॉनेट बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत ते धुतच राहिले.